आकाशपाळण्याशेजारचा तंबू

ज्या सिनेमाला इंटर्व्हल नसतो त्यालाही आपल्याकडे इंटर्व्हल असतो. 2023च्या ऑक्टोबरअखेरीस मार्टिन स्कॉर्सेसीचा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' बघायला गेलो, तेव्हा तो असाच पडला, पडद्यावरच्या माणसाचं बोलणं पुरतं संपायच्या आत. खाडकन दिवे लागले आणि आंबलेली कंबर सरळ करत आम्ही सगळे पॉपकॉर्नच्या रांगेत जाऊन उभे राहिलो. माझ्यापुढे दोन मुलं होती, नुकतीच नोकरीला लागलेली असावीत. गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं. एकाच्या टी-शर्टवर कॅप्टन अमेरिकाची ढाल, धुऊन धुऊन भेगा पडलेली. दुसऱ्याने त्याला विचारलं, "तुला हा डिरेक्टर एवढा आवडतो का रे?" तर तो म्हणाला, "आवडतो कसला! डोक्यात जातो माझ्या. म्हणूनच आलो. म्हटलं बघू तरी, स्वतः काय दिवे लावतो." मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, ते बोलून चार वर्षं झाली की त्याला. अजून राग?" त्याने मागे वळून माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "काका, आमच्या पिक्चरला पिक्चरच नाही म्हटलंय त्यानं." मग त्याचा नंबर आला, त्याने अर्धं चीज, अर्धं कॅरमल असा टब घेतला आणि तो आत गेला.

उरलेला सिनेमा मी पाहिला खरा, पण अर्धं लक्ष त्या रागाकडेच. ओक्लाहोमात ओसेज या मूळनिवासी लोकांचे एकामागून एक खून पडतायत, लिली ग्लॅडस्टोन काहीही न बोलता नुसत्या नजरेने नवऱ्याला जोखतेय, आणि मी विचार करतोय की न्यूयॉर्कच्या एका म्हाताऱ्याने एका मासिकाला सांगितलेली गोष्ट कोथरूडच्या पोराला इतकी का झोंबावी? त्याने पदरचे पैसे खर्चून, साडेतीन तास बसून हिशोब चुकता करायला यावं, इतकी?

ते वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. 2019च्या ऑक्टोबरात 'एम्पायर' मासिकाने विचारलं आणि स्कॉर्सेसी बोलून गेला: मार्व्हलचे सुपरहिरोंचे सिनेमे बघायचा प्रयत्न केला, पण हा सिनेमा नव्हे, फार तर थीम पार्क म्हणा. त्याच महिन्यात लिआँला पुरस्कार घ्यायला गेलेल्या 'गॉडफादर'वाल्या कपोलाने त्यावर आणखी तिखट भुरभुरवलं, ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचने या सिनेमांना बर्गरच्या पंगतीला बसवलं. मार्व्हलवाल्यांकडून सगळ्यात नेमका टोला 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'वाल्या जेम्स गनचा होता. स्कॉर्सेसीचा 'द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट' न बघताच लोक थिएटरबाहेर निदर्शनं करत होते तेव्हा मला संताप आला होता, असं तो म्हणाला, आणि आता तोच दिग्दर्शक माझ्या सिनेमांचा निकाल तसाच लावतोय याचं वाईट वाटतं. याला स्कॉर्सेसीकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते असायचं कारणही नव्हतं. तो खरंच पुरतं न बघता बोलला होता.

आमच्या कट्ट्यावर तेव्हा सरळ दोन तट पडले. एकीकडे फिल्म क्लबवाले. त्यांना हे वाक्य म्हणजे काशीहून आलेला निर्णयच वाटला. इतकी वर्षं जे नाक मुरडत होतो त्याला आता वरून शिक्का मिळाला, असा आनंद. यातल्या निम्म्यांनी स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर'सुद्धा पूर्ण बघितलेला नव्हता, हे मला माहीत आहे, कारण आम्ही तो एकत्रच बघायला बसलो होतो आणि ते मधेच उठून सिगारेट ओढायला गेले होते. दुसरीकडे भाचे-पुतणे कंपनी. त्यांचं म्हणणं, हा माणूस आयुष्यभर तेच ते गुंड आणि तेच ते खून दाखवत आला, ते चालतं? शिवाय सुपरहिरोंच्याच दुनियेतल्या 'जोकर'ला त्याच महिन्यात जग डोक्यावर घेऊन नाचत होतं, आणि तो तर उघड उघड स्कॉर्सेसीच्याच जुन्या सिनेमांच्या अंगणात खेळलेला. मग सुपरहिरोंचं वावडं नेमकं कोणाला? मुद्दे वाईट नव्हते. पण दोन्ही बाजू फक्त मान-अपमानाचं बोलत होत्या. लग्नात मानपानावरून रुसवे होतात तेव्हा मुलगा-मुलगी बाजूलाच राहतात, तसं काहीसं.

मी कोणत्या तटात? सांगतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मी भाच्याबरोबर मार्व्हलच्या 'ॲव्हेंजर्स : एंडगेम'ला गेलो होतो, पहाटेच्या खेळाला. पहाटेच्या! देवळाच्या काकडआरतीला कधी उठलो नाही, पण ह्यासाठी उठलो. बाहेर अजून झुंजूमुंजू, पार्किंगमध्ये पोरं ढाली आणि हातोडे घेऊन फोटो काढतायत, कोणाची तरी आई थर्मासमधून कॉफी ओततेय. आत एकही खुर्ची रिकामी नाही. आणि मग तो क्षण, कॅप्टन अमेरिकाच्या हातात थॉरचा हातोडा येतो तो. मी थिएटरात अशी आरोळी लहानपणापासून ऐकली नव्हती. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस, चांगला टक्कल पडलेला, खुर्चीवरून उठला आणि त्याने माझा दंड धरला. शेवटी टोनी स्टार्क चुटकी वाजवून मरतो तेव्हा मागच्या रांगेतून हुंदक्यांचा आवाज येत होता. तो दाबायचा प्रयत्न होता, म्हणून जास्तच ऐकू येत होता. भाचा सरळ समोर बघत बसला होता. अकरा वर्षं, बावीस सिनेमे. पहिला 'आयर्न मॅन' आला तेव्हा तो तिसरीत होता आणि आता त्याला मिशा होत्या. त्याचं बालपण आणि ह्या लोकांचं आयुष्य एकाच वेळी संपत होतं, आणि ते त्याला कळत होतं. कोणी मला सांगू नये की त्या हॉलमध्ये माणसाने माणसाला काही पोहोचवलं नाही.

पण बाहेर आल्यावर, बनमस्का खाताना, मला त्या तीन तासांतली लढाई आठवेना. हातोडा आठवत होता, चुटकी आठवत होती, मधलं सगळं राखाडी. कोण कुठून आलं, कोणी कोणाला मारलं, कॅमेरा कुठे होता? भाच्याला विचारलं तर त्यालाही सांगता येईना, फक्त तो म्हणाला, "परत बघू ना मामा, मग लक्षात राहील." ही रुखरुख माझी मला होती, स्कॉर्सेसीने ती नंतर विकत घेतली.

आता थीम पार्क. हा शब्द त्या पोरांना जितका लागला तितका मला लागला नाही, कारण मी सिनेमा पहिल्यांदा बघितला तोच जत्रेत. आजोळ माणदेशात. सुगी उरकल्यावर, थंडीत, गावाबाहेरच्या माळावर जत्रा भरायची. एका अंगाला बैलबाजार, दुसऱ्या अंगाला गोडीशेव आणि रेवड्यांच्या पाली, मग आकाशपाळणा, मग मौत का कुआँ आणि त्याला लागून टूरिंग टॉकीजचा तंबू. मशीन ट्रकवर. जनरेटरच्या डिझेलचा वास तंबूच्या कापडाला कायमचा बसलेला. कर्ण्यावरून माणूस दुपारपासून ओरडत असायचा, रात्री दोन खेळ, पैसा वसूल, बायकांची बसायची सोय वेगळी. घरून पोतं आणि घोंगडी न्यायची, कारण खाली नुसती माती, आणि रात्र वर चढेल तशी ती पोत्यातून वर यायची. पडद्यावर आई मरणपंथाला लागलेली असायची आणि नेमका शेजारच्या विहिरीतला मोटरसायकलवाला चक्कर सुरू करायचा. त्या घरघराटात आईचं शेवटचं बोलणं मी निदान चार-पाच सिनेमांत ऐकलेलं नाही. पाळण्याचे दिवे कापडातून झिरपायचे आणि पडद्यावरच्या नायिकेच्या गालावरून लाल-हिरवा ठिपका वर जायचा, खाली यायचा. रीळ तुटलं की अंधारात सगळा माळ मशीनवाल्याच्या खानदानाचा उद्धार करायचा.

तिथे पहिला खेळ बहुतेक देवादिकांचा किंवा संतांचा: भिंत चालतेय, गरुड उडतोय, नदीतून वह्या कोरड्या वर येतायत. म्हाताऱ्या बायका पडद्याला हात जोडायच्या. दुसरा खेळ तमाशापट नाहीतर सावकार-शेतकऱ्याचं रडगाणं, आणि त्याच बायका पोतं न सोडता तोही बघायच्या. चमत्कार वेगळा आणि माणूस वेगळा, अशी वाटणी त्या तंबूत नव्हती. आणि पाळण्याशेजारी उभं राहावं लागतं म्हणून तंबूवाल्याला कमीपणा वाटत होता असं मला आठवत नाही. उलट पाळणा जोरात चालला की तंबूही भरायचा.

गंमत म्हणजे हे स्कॉर्सेसीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याने 2011 मध्ये 'ह्यूगो' केला, तोही थ्रीडीत, भरपूर खर्चाने, आणि त्यातला खरा नायक म्हणजे जॉर्ज मेलिएस. मेलिएस मुळात जादूगार. स्वतःच्या थिएटरात मुंडकी उडवणारा, चंद्राच्या डोळ्यात रॉकेट घुसवणारा, सिनेमाला पहिल्यांदा बनवाबनवी शिकवणारा; आणि उतारवयात पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवर खेळणी विकत बसलेला. त्या माणसावर ज्याने इतक्या मायेने सिनेमा केला, तो जादूच्या खेळांच्या विरोधात असेल कसा? शिवाय याच 'नाक मुरडणाऱ्या' माणसाच्या संस्थेने उदय शंकर यांचा 'कल्पना' आणि ऋत्विक घटकांचा 'तिताश एकटी नदीर नाम' धूळ झटकून पुन्हा उभे केले. 'कल्पना' म्हणजे तर पहिल्यापासून शेवटपर्यंत देखावा, नाच, स्वप्न. रांगेतल्या त्या पोराला हे सांगायला हवं होतं, असं नंतर वाटलं. सांगितलं असतं तर त्याने आणखी कीव केली असती.

आणि आपले फाळके. 'एम्पायर'मधल्या त्या वाक्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, 1919 मध्ये, त्यांचा 'कालिया मर्दन' आला. मिळाला तर बघाच, बराचसा शिल्लक आहे. सुरुवातीला ना यमुना, ना नाग. सुरुवातीला नुसता एका मुलीचा चेहरा. मंदाकिनी, फाळक्यांची सात वर्षांची लेक. ती कॅमेऱ्याकडे बघून एकामागून एक भाव दाखवते, कोणताही साज नाही, मुकुट नाही. आणि मग बघता बघता त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेश चढतो. म्हणजे बापाने आधी प्रेक्षकाला सांगून टाकलं की ही माझी पोर आहे, साधी पोर, आणि आता मी तिला देव करतोय. नाग नंतर येतो. पाण्याखालची झटापट येते, नाग आज बघितला तर उघड उघड बनवलेला आहे. पण त्या झटापटीच्या मधे मधे काठावरची माणसं येत राहतात, ऊर बडवणारी, पाण्याकडे धावणारी. फाळक्यांना नेमकं ठाऊक होतं की ट्रिक पाण्यात आहे आणि सिनेमा काठावर.

इथे मला स्कॉर्सेसीशी थोडं भांडायचं आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये सविस्तर लेख लिहिला आणि त्यात म्हटलं की या सिनेमांत गूढ नाही, साक्षात्कार नाही, खराखुरा भावनिक धोका नाही. काहीच पणाला लागलेलं नाही. आता, कृष्ण पाण्यातून वर येणार हे 1919 सालच्या प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोकणात दशावतार बघायला बसलेल्या माणसाला कोण मरणार हे आधीच माहीत असतं, तरी तो पहाटेपर्यंत जागचा हलत नाही. शेवट माहीत असणं हा काही गुन्हा नव्हे. पण लेख पुन्हा वाचताना मला वाटलं, तो गोष्टीतल्या धोक्याबद्दल कमी आणि करणाऱ्याच्या धोक्याबद्दल जास्त बोलतोय. फाळक्यांनी सरस्वतीबाईंचे दागिने आणि स्वतःची विमा पॉलिसी या नादापायी लावली होती. मार्व्हलचा सिनेमा मात्र, स्कॉर्सेसीच्या म्हणण्याप्रमाणे, बाजार तपासून, प्रेक्षकांवर चाचण्या घेऊन, सुधारून, पुन्हा तपासून, पुन्हा सुधारून बाहेर पडतो. कोणीतरी एकट्याने उडी मारली आहे, असं त्यात कुठे दिसत नाही.

याचा एक पुरावा मुंबईतच मिळाला होता, एक वर्ष आधी. 2018 मध्ये मुंबई फिल्म फेस्टिव्हलला अर्जेंटिनाची दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल आली होती. तिने सांगितलं की 'ब्लॅक विडो'साठी मार्व्हलने तिला बोलावलं होतं. त्यांना नायिकेचं मन उलगडणारी बाई हवी होती, आणि ते म्हणाले, ॲक्शनच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ. यावर तिचं उत्तर फार गोड होतं. तिला स्कार्लेट जोहान्सनला भेटायला आवडलं असतंच, पण ते ॲक्शनचे प्रसंगही तिला करायचे होते! 'एंडगेम'मधली लढाई मला का आठवत नव्हती, ते मला ही बातमी वाचल्यावर कळलं. काठावरचं तुम्ही बघा, पाण्यातलं आम्ही बघतो. फाळके असते तर उठून निघून आले असते.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट त्या लेखात पुढे होती, आणि तिच्याबद्दल आमच्या कट्ट्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. ती पडद्यांबद्दल होती. जगात बऱ्याच ठिकाणी आता मोठ्या पडद्यावर काही बघायचं तर मुख्यतः हेच उरलं आहे, असं त्याने लिहिलं होतं. लोकांना हेच हवंय, या युक्तिवादावर तो म्हणतो, एकाच प्रकारची गोष्ट सतत पुढ्यात ठेवली तर माणूस तीच मागणार. हे रडगाणं नव्हतं, व्यवहार होता. 2017 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागासाठी डिस्नेने अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांना घातलेल्या अटी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापल्या होत्या: तिकिटाच्या पैशातला 65 टक्के वाटा आमचा आणि सगळ्यात मोठ्या पडद्यावर चार आठवडे दुसरं काही लावायचं नाही. ज्या गावात एकच पडदा आहे तिथल्या मालकाने काय करायचं? त्या गावात महिनाभर दुसरा सिनेमा नाही. मार्व्हल 2009 पासून त्याच घरात, 'स्टार वॉर्स' 2012 पासून, आणि 2019च्या मार्चमध्ये फॉक्स स्टुडिओचा सिनेमाही तिथेच नांदायला गेला.

आता सांगा, हे कळायला आपल्याला स्कॉर्सेसी लागतो? मराठी माणसाला?

एप्रिल 2015 आठवा. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या, यावरून रण माजलं होतं. सरकारने आदेश काढला, त्यावर टिंगल झाली, टिंगलीवर मोर्चे निघाले, वडापाव आणि मिसळ यांनाही त्यात ओढलं गेलं, आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी मांडवली झाली. त्याच धामधुमीत, 17 एप्रिलला, चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागला. व्हेनिसहून दोन पुरस्कार घेऊन आलेला, राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेला. आणि बरोबर पुढच्या शुक्रवारी, 24 तारखेला, लागला 'ॲव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन'. मी 'कोर्ट' पहिल्या आठवड्यात बघितला म्हणून बचावलो. शेवटाकडे एक प्रसंग आहे: उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्टातली माणसं हळूहळू निघून जातात, शिपाई एकेक दिवा घालवतो आणि पडदा काळा होतो. आमच्या हॉलमध्ये लोक उठायला लागले, एक जण दारापर्यंत पोहोचलाही. आणि मग सिनेमा पुन्हा सुरू होतो, न्यायमूर्ती महाशय कुटुंबकबिल्यासह रिसॉर्टवर सहलीला. ते बागेत बाकावर डुलक्या घेतायत, पोरं जमून त्यांच्या कानाशी ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि हाताला लागलेल्या पोराला थोबाडतात. बस्स. दारापर्यंत गेलेला माणूस तिथेच उभा राहून ते बघत होता. मला आजवर कुठल्या सुपरहिरोच्या मारामारीत तेवढी भीती वाटलेली नाही, जेवढी त्या एका थपडेने वाटली: हा माणूस सुट्टी संपली की परत जाऊन लोकांचे निकाल लावणार आहे.

पुढच्या आठवड्यात मी मित्राला बळेच पाठवायला गेलो तर खेळ कुठल्या तरी आडवेळेला गेलेले, नोकरदार माणसाला जमूच नयेत अशा. त्याने 'अल्ट्रॉन' बघितला. तो म्हणाला, बरा होता.

म्हणजे तंटा पाळण्याशी नाहीच. आमच्या माळावर पाळणा होता, विहीर होती आणि तंबूही होता. उद्या पाळणेवाल्याने अख्खा माळच भाड्याने घेतला आणि तंबूवाल्याला सांगितलं की तू ओढ्यापलीकडे, भर दुपारी काय ते लाव, तर लोक पाळण्यातच बसणार. मग पाळणेवाला म्हणणार, बघा, लोकांना पाळणाच आवडतो. पाळणा वाईट आहे असं त्या वेळी ओरडणारा तंबूवाला मला कळतो, पण त्याचं ते ओरडणं चुकीच्या दिशेला आहे. स्कॉर्सेसी 'एम्पायर'मध्ये पाळण्यावर ओरडला, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये माळाच्या भाड्याबद्दल बोलला. पहिलं चार शब्दांचं होतं, ते जगभर गेलं. दुसरं वाचायला दहा मिनिटं लागतात.

त्याचं स्वतःचं पानही काही स्वच्छ नाही, आणि मला ते आवडतं. एवढं मोठ्या पडद्याचं गाऱ्हाणं मांडणाऱ्या माणसाचा 'द आयरिशमन' त्याच नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर आला, कारण त्याला पैसा द्यायला स्टुडिओ तयार नव्हते. साडेतीन तासांचा तो सिनेमा मी लोकल, जेवण आणि झोप यांच्यामध्ये तुकडे पाडून फोनवर बघितला. ज्याने सिनेमाची सगळ्यात जास्त काळजी केली, त्याच्या सिनेमाची मी केलेली ही गत. आणि त्यात सत्तरी ओलांडलेल्या नायकाचा, रॉबर्ट डी नीरोचा, चेहरा ज्यांनी कॉम्प्युटरवर तरुण केला, ती इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कंपनी मालकीने डिस्नेचीच. चेहरा जमलाय, खरंच. पण एका ठिकाणी हा तरुण बाप दुकानदाराला फुटपाथवर लाथा घालतो, आणि त्या लाथा म्हाताऱ्याच्या आहेत. गुडघा वर येत नाही. फोनच्या एवढ्याशा पडद्यावरही ते लपलं नाही. मार्व्हलने ते दुरुस्त करून घेतलं असतं. स्कॉर्सेसीने राहू दिलं. कोणी त्यावर हसतात. मला त्या न उचललेल्या गुडघ्यापाशी सिनेमा आणखी जवळचा वाटला, पण हे बहुधा माझं वय बोलतंय.

आणि रागाचं म्हणाल तर तोही मला कळत नाही असं नाही. आम्ही कॉलेजात असताना एक मास्तर दादा कोंडके आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं नाव निघालं की खडू खाली ठेवून हात झटकायचे. आम्ही जागतिक सिनेमाच्या टिपा उतरवून घ्यायचो आणि दातओठ खायचो, कारण घरी बाप रात्रपाळीहून आल्यावर ज्याच्यावर हसायचा तो लक्ष्या होता. मास्तरांनी लक्ष्याला हात झटकले म्हणजे आमच्या बापाच्या हसण्याला झटकले. ढालवाल्या पोराचं तेच असणार. त्याचं घर, त्याचे मित्र, सातवीतल्या वाढदिवसाचा केक, सगळं त्या ढालीत गुंतलेलं. त्यावर कोणीतरी पुरतं न बघताच शेरा मारला. 'ब्लॅक पँथर' बघायला पारंपरिक पोशाखात, ढोल घेऊन गेलेल्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना कोणी जाऊन सांगावं की तुमचं हे सगळं थीम पार्क होतं? तिथे बरंच काही पणाला लागलेलं होतं, फक्त ते पडद्यावर शोधून सापडणार नाही. 'सैराट'च्या वेळी आपणही हे बघितलं. 'झिंगाट'ला लोक खुर्च्यांवर नाचले आणि त्याच लोकांना नागराजने शेवटी असं गोठवलं की दिवे लागल्यावर कोणी कोणाकडे बघेना. एकाच तिकिटात पाळणा आणि तंबू.

'किलर्स' बघितला त्या रात्रीनंतर दोनच आठवड्यांनी 'द मार्व्हल्स' आला आणि सपाटून आपटला. मार्व्हलच्या सिनेमांत सगळ्यात कमी धंदा त्याचा. फिल्म क्लबमध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण रिकाम्या झालेल्या पडद्यांवर कोण आलं? दिवाळी होती, 'टायगर 3' आला. तोही एका 'स्पाय युनिव्हर्स'चा भाग, मागच्या सिनेमातला नायक या सिनेमात पाहुणा, शेवटच्या पाट्यांनंतर पुढच्या सिनेमाची झलक. माळ रिकामा झाला नाही, फक्त पाळणेवाला बदलला.

एकदाच उलटं झालेलं बघितलं. राही अनिल बर्वेचा 'तुंबाड'. राही म्हणजे आपल्या लेखक अनिल बर्वेंचा मुलगा. कोकणातला पाऊस खरा हवा म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यांची वाट बघत, एकदा केलेलं मोडून पुन्हा करत त्याने तो पुरा केला. भूत आहे, राक्षस आहे, कॉम्प्युटरची कारागिरी आहे, आणि तरी प्रत्येक चौकट एकाच माणसाच्या डोक्यातून आल्यासारखी ओली आणि सडकी. ऑक्टोबर 2018 मध्ये लागला, आणि लोकांना कळेपर्यंत उतरला. मग सहा वर्षांनी, 13 सप्टेंबर 2024 ला, तो पुन्हा थिएटरात आणला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसे मिळवून गेला. सिनेमा तोच, एक चौकटही बदललेली नाही. मी तेव्हा गेलो तर हॉलमध्ये सगळी पंचविशीच्या आतली पोरं; त्यांनी तो आधी फोनवर पाहिलेला होता आणि तरी ती तिकीट काढून आली होती. आजीला साखळीने बांधलेलं दिसलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघी मुली एकमेकींच्या खांद्यात घुसल्या.

त्याच आठवड्यात 'तुंबाड 2'ची घोषणा झाली. राही बर्वे त्यात नाही. त्याने निर्मात्याला शुभेच्छा दिल्या. कट्ट्यावर मी हे सांगितलं तर एक जण म्हणाला, झालं, आता इथेही युनिव्हर्स. मी म्हटलं, होऊ दे, पहिल्या दिवशीचं तिकीट तू काढतोस की मी?